हरणीचं पिवळं शिंग

१

आकाराम गवळी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या घराच्या बोळात मेलेला सापडला. बरगड्या मोडलेल्या, डोकं वळणावरच्या दगडावर आपटलेलं, आणि उजव्या मनगटाला म्हशीचा कासरा गुंडाळलेला. त्याच दुपारी त्याच्या पुतण्याने, जोतीरामने, पोलिसांना सांगितलं की काकाला मी मारलं.

हे मला तेजस्वीने सांगितलं. ती जोतीरामची बायको. आमच्या दारात उभी होती, आत येत नव्हती. शाळेत कालिंदीने तिला शिकवलं होतं.

"मी वकिली सोडली आता," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. पण बाई असत्या तर त्यांनी तुम्हांला पाठवलं असतं की."

ते खरं होतं. कालिंदी, माझी बायको, गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मला घरात बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठतो, उठलो की खिडकीशी जातो, परत येतो. काळा कोट तिने ठेवला होता तिथेच कपाटात आहे. मी कोट घेतला नाही, पण चपला घातल्या.

"उद्या त्यांना मॅजिस्ट्रेटसमोर नेणार हाईत," तेजस्वी चालता चालता म्हणाली. "तिथंबी हेच सांगणार म्हणतात. मी पाया पडले, तरी ऐकंनात."

माझे पाय आपोआप भराभर पडू लागले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला टिकतो. उद्या जोतीराम तिथे बोलला, तर त्याला जन्मभर आत बसावं लागेल, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलेलं असेल.

"भांडण कशावरून होतं?"

"हरणीवरनं."

पेठेत हरणी कोण हे सांगावं लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं घालतात, आणि सायलेन्सर काढलेली मोटरसायकल रेटत, म्हणजे मूठ पिळून आवाज चढवत, पुढे पळवतात. म्हैस त्या आवाजामागे धावते. दुसऱ्या कुणाच्या गाडीला ती ढुंकून बघत नाही, आपल्या घरच्या गाडीचा आवाज तिला पक्का कळतो. जोतीरामच्या जुन्या गाडीचा आवाज झाला की हरणी दावं तोडून यायची. यंदा पाडव्याला लोकांनी जोतीरामच्या गळ्यात हार घातला. घरचा कर्ता आकाराम बाजूला उभा होता, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"तिथंच काका म्हणाले, ही म्हैस मी मलकापूरच्या उदयसिंह पाटलाला देऊन टाकतो. मग बघू कुणाच्या गळ्यात हार पडतो. आन ह्यांनी चारचौघांत सांगितलं, हरणीला हात लावलास तर तुला जित्ता ठेवत न्हाय."

"मग पाटील आला?"

"न्हाई आला म्हणतात. मी भाऊबीजेला माहेरी गेलते. घरी दोघंच, काका आन शालूकाकी. हे दुसरी म्हैस घेऊन दूधकट्ट्यावर गेलते धार काढायला."

धमकी होती, कारण होतं, कबुली होती. पोलिसांना आणखी काय लागतं?

२

जोतीराम पंचविशीतला, फुटबॉल खेळणारा, खांद्याने रुंद. कोठडीत मला बघून उठून उभा राहिला, नमस्कार केला.

"तुम्ही कशाला आलासा? मला वकील नको."

"तुझ्या बायकोला हवाय. काय केलंस ते मला एकदा सांग."

त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. काका हरणीला धरून बोळातून बाहेर आणत होता. मी रस्त्यावर होतो. गाडी चालू केली, रेटली. हरणी आतनं धावत आली, काका तिच्यात आणि भिंतीत सापडला.

"काका बोळात आहे हे तुला दिसत होतं?"

"दिसत हुतं."

"तो मरेल असं वाटलं?"

"मरावा म्हणूनच रेटली."

मी बराच काळ फौजदारी कोर्टात उभा राहिलो. माणसं सांगतात, मी केलं नाही. नाहीतर सांगतात, केलं पण तसं करायचं नव्हतं. कुणी म्हणतं पिलो होतो, कुणी म्हणतं त्याने आधी हात उचलला, कुणी म्हणतं अंधारात चोर वाटला. कायदा गुन्ह्यात दोन गोष्टी बघतो, हाताने काय केलं आणि त्या वेळी मनात काय होतं. माणूस पळायला बघतो तो या दोन्हींपैकी एका दाराने पळतो. हा मात्र दोन्ही दारं आतून लावून बसला होता.

"म्हैस बिथरली म्हण," मी म्हणालो. "काका दिसला नाही म्हण. ते अपघातात जाईल."

"न्हाय. दिसत हुता."

"बरं. काकाचं तोंड कुठं होतं? तुझ्याकडं की गोठ्याकडं?"

तो थांबला. पहिल्यांदाच त्याने माझ्यावरून नजर काढली.

"ध्यानात न्हाय."

"मेलेल्या माणसाचं तोंड ध्यानात राहत नाही होय रे?"

"साहेब," तो हळू बोलला, "तुम्ही जावा. आन काकीला काय इचारू नकासा. ती आधीच खचलीय."

काकीचं नाव मी काढलंच नव्हतं.

३

बोळ अरुंद आहे. एक माणूस आणि एक म्हैस शेजारी शेजारी जेमतेम चालतील. रस्त्यावरून आत जाताना उजव्या हाताला दगडी भिंत लागते, दिवाळीसाठी नवा चुना लावलेली. डाव्या हाताला शेजाऱ्याची विटांची भिंत. मध्यावर बोळ वळतो, त्यामुळे गोठ्यासमोरच्या अंगणातून रस्ता दिसत नाही, रस्त्यावरून अंगण दिसत नाही.

वळणाशी दगडी भिंतीवर कमरेच्या वर एक पिवळा फराटा होता, बोटभर रुंद, चुना खरवडून गेलेला. खाली जमिनीवर पाणी ओतून धुतल्याची खूण होती. मी फराट्याला बोट लावलं. ऑइलपेंट होता.

"म्हशीचा रंग हाय त्यो," तेजस्वी म्हणाली. "पोलिसांनीबी बघितला."

अंगणात हरणी रवंथ करत उभी होती. लांब मागे वळलेली शिंगं, उजवं पिवळं, डावं निळं.

"दोन रंग का?"

"ह्यांच्या संघाचं रंग. दरसाल असंच."

पिवळं शिंग टोकाला खरवडलं होतं. निळं जसंच्या तसं, पाडव्याला रंगवल्यासारखं. म्हैस माझ्याकडे शांत बघत होती.

शालूबाई गोठ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. आकारामची बायको. कपाळ मोकळं. उठायला गेल्या आणि उजवा पाय टेकताना तोंड वाकडं झालं. नडगीवर हळदचुन्याचा लेप वाळलेला होता.

"पडलात का?"

"शेणावरनं घसरले."

"हरणी तुमची का आकारामची?"

"माझ्या माहेरच्या म्हशीची नात हाय ही. चंदगडास्नं आली हिची आजी, माझ्यासंगट. माझ्या बाऽनं दिली मला." एवढं बोलताना त्या ताठ झाल्या. मग परत खाली बघू लागल्या. "जोत्याची आई गेली तवा त्यो रांगत हुता. ह्याच म्हशीच्या घराण्याच्या दुधावर वाढला."

"त्या सकाळी तुम्ही कुठं होता?"

"गोठ्यात. आवाज झाला. मग गेले तर असं."

"गाडीचा आवाज कुठून आला?"

त्यांनी तेजस्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जोत्या सांगतोय तिथनंच आला असंल की."

बाहेर निघालो तेव्हा तेजस्वी म्हणाली, "भिंतीला लागू नका, चुना लागतोय." मी अंग चोरून आलो.

४

पोलिसांचा साक्षीदार समोरच राहायचा. दत्तप्रसाद, घरी गणिताच्या शिकवण्या घेणारा मास्तर. कालिंदीच्या शाळेत काही वर्षं होता. त्याने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"आवाज तर सगळ्या पेठेनं ऐकला," तो म्हणाला. "त्या गाडीनं माझं डोकं उठलंय हो. पोरं गुणाकार विसरतात. आवाज थांबला, एक ओरडा झाला. नेहमीचा गोंधळ म्हणून मी हातातलं गणित पुरं केलं, मग सदरा चढवून खाली आलो तर जोतीराम बोळाच्या तोंडाशी गाडी धरून."

"गाडीवर बसलेला?"

"नाही. ढकलत होता. घामानं थबथबलेला. मला वाटलं पळून जातोय."

"पळून जाणारा गाडी चालू करून पळेल. ढकलत कशाला नेईल?"

"आता ते मला काय ठाऊक? पण आवाज रस्त्यावरूनच आला."

"खात्रीनं?"

मास्तर प्रामाणिक होता. विचार करून म्हणाला, "इथं दोन्ही बाजूंनी भिंती. आवाज सगळीकडूनच येतो. गाडी रस्त्यावर दिसली म्हणून मी तसं सांगितलं."

मी खिडकीशी जाऊन परत आलो. मास्तर हसला.

"अंबादासराव, बसा की जरा. आणि तो खांदा झटका, चुना लागलाय. वहिनी असत्या तर दारातच झटकला असता."

मी मान वळवून बघितलं. उजव्या खांद्यावर पांढरा पट्टा होता. डावा खांदा स्वच्छ. आत जाताना लागला होता, येताना मी जपून आलो होतो. आत जाताना दगडी भिंत उजवीकडे असते.

मी हात खांद्यापर्यंत नेला आणि तसाच धरून राहिलो.

"काय झालं?" मास्तर घाबरला. "दुखतंय का?"

"मास्तर, म्हैस आतून बाहेर धावत आली तर दगडी भिंत तिच्या कोणत्या अंगाला?"

"डाव्या."

"डावं शिंग निळं. त्याला ओरखडासुद्धा नाही. आणि भिंतीवर पिवळा रंग आहे."

तो गणिताचा माणूस. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हणजे ती बाहेरून आत धावली," तो म्हणाला. "म्हणजे गाडी…"

"गाडी आत होती."

५

मग दुपारची मलकापूरची एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली तरी अर्ध्या वाटेत उठून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, स्टॉप अजून लांब हाय."

मनात एकच गोष्ट फिरत होती. म्हैस बाहेरून आत धावली, म्हणजे ती आधी रस्त्यापर्यंत गेली होती. आकारामने कासरा धरून तिला तिथवर नेलं होतं. म्हणजे ती घेणारा रस्त्यावर उभा असला पाहिजे.

उदयसिंह पाटील घराच्या ओसरीवर होता. मोठ्या मिशा, मोठा आवाज. आकारामचं नाव काढलं आणि आवाज लहान झाला.

"मी गेलोच न्हाई कोल्हापूरला."

"पाटील, उद्या एक पोरगा खुनाची कबुली देणार आहे. त्याने तो केलेला नाही. तुम्ही काही बघितलं असेल आणि गप्प बसलात, तर जन्मभर ते तुमच्याबरोबर जेवायला बसेल."

त्याने घरात डोकावून बघितलं, मग माझ्याजवळ सरकला.

"टेम्पो घेऊन कोपऱ्यावर हुतो. आकारामनं हरणीला बोळाच्या तोंडापातूर आणली. मी म्हणलं, आकाराम, कासरा हाताला गुंडाळू नगंस. गवळ्याचं पोर बी असं करत न्हाई. तर म्हणतोय, ही वढाळ हाय, सुटंल. तेवढ्यात गाडीचा आवाज झाला."

"कुठून?"

"आतनं. घरातनं. म्हैस जागच्या जागी फिरली आन आत सुटली. त्याला कासरा सोडायला घावलाच न्हाई. फरफटत गेला." पाटलाने तोंडावरून हात फिरवला. "मी भ्यालो. वाटलं, माझ्यापायी झालं म्हणतील. निघून आलो."

"आत कोण होतं?"

"देवाला ठाऊक. घरच्यांना तर कायच म्हाईत नव्हतं. आकाराम मला म्हणलेला, घरात सांगितलंय वाडीला दत्ताच्या दर्शनाला जातो म्हणून. दारातनं गेलो आन मागल्या मागं फिरून आलो. बाईला पत्ता लागायच्या आत म्हैस टेम्पोत घालू, म्हणला."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं, शब्द न शब्द. मग म्हणालो, "पाटील, टेम्पो काढा. आज मला घेऊन कोल्हापूरला चला."

तो निमूट उठला.

६

दिवेलागणीला मी परत अंगणात होतो. तेजस्वीला मी आत थांबायला सांगितलं. शालूबाई त्याच पायरीवर.

"शालूबाई, जुन्या गाडीची किक उलटी बसते. मलाही एकदा बसली होती, इथंच, नडगीवर. कालिंदीनं हळदचुनाच लावला होता."

त्यांनी लुगड्याने पाय झाकला.

"गाडी अंगणात होती. तुम्ही चालू केलीत. जोतीराम कट्ट्यावरून आला तेव्हा आकाराम गेलेला होता. गाडी आत सापडली असती तर आत कोण होतं हे लोकांनी विचारलं असतं. आत एकच माणूस होतं. म्हणून त्याने गाडी ढकलत रस्त्यावर नेली."

हरणीने शेपटीने माशी हाकलली.

"आपल्या गळ्याची शप्पथ घातली त्यानं मला," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणला, काकी, तू बोललीस तर मी मेलो समज. आता न बोलून त्यो मरतोय. मी काय करू, साहेब? बोलले तर मी फासावर, न बोलले तर लेकरू."

"कुणी फासावर जात नाही. आधी मला सांगा, गाडी का चालू केली?"

"शेण काढून बाहेर आले तर हरणीचा खुंटा मोकळा. रस्त्यावर पाटलाचा मोठा आवाज ऐकला, शब्द कळलं न्हाईत. वाटलं, त्याच्या गड्यानं सोडून नेली. मी पळून गाठणार हुते का तिला? तिला एकच हाक ऐकू येते, गाडीची. जोत्या करतो तसं केलं. दोनदा किक पायावर बसली, तिसऱ्यांदा चालू झाली."

कालिंदी माझे खटले वाचायची. वकील नव्हती, पण प्रत्येक वेळी एकच विचारायची, त्या घडीला त्या माणसाचं मन कुठं होतं? मी सगळ्या कलमांआधी तेच विचारायला शिकलो ते तिच्याकडून.

"तुम्ही गाडी रेटलीत तेव्हा आकाराम कुठं आहे असं वाटत होतं?"

"वाडीला," त्या लगेच म्हणाल्या. "दत्ताला जातो म्हणून धुतलेली टोपी घालून गेलते की. धनी घरात असतं तर त्या गाडीला हात लावायची छाती हुती का माझी? हात मोडला असता त्यांनी माझा. एकदा मोडलाय."

मी उभाच होतो. मलकापूरच्या ओसरीवर पाटलाने हेच सांगितलं होतं, आणि शालूबाई त्याच्याशी आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. आकारामने बायकोला फसवायला एक खोटं रचलं होतं. आता तेच खोटं तिच्या बाजूने साक्ष देणार होतं.

"ऐका," मी म्हणालो. "म्हैस तुमची. तुमची म्हैस तुम्ही हाक मारून परत बोलावलीत. बोळात माणूस आहे हे तुम्हांला माहीत नव्हतं, दिसत नव्हतं. हात तुमचा होता, पण मन त्यात नव्हतं. याला खून म्हणत नाहीत, शालूबाई. सरकारी वकील हयगय म्हणून बघेल, त्याचं मी बघतो. पण खून नाही."

मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही शिकलेली माणसं. पण मी खोटं बोलायची न्हाई. मन न्हवतं कसं? मी रोज मागायची. दिवा लावताना मागायची, हा माणूस मरू दे. किती वर्सं मागितलंय. मग त्याचं काय?"

"आणि त्या सकाळी? किक मारताना?"

त्यांनी हरणीकडे बघितलं.

"त्या सकाळी म्हैस तेवढी मागितली."

७

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कोट काढला. कोर्टाच्या आवारात जोतीरामला आणलं तेव्हा शालूबाई लंगडत त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी उदयसिंह पाटील, मिशा खाली पडलेल्या.

"काकी, तू घरी जा," जोतीराम म्हणाला.

"मी सगळं सांगितलंय साहेबांस्नी. पोलिसांस्नीबी."

"शप्पथ घातली हुती मी."

"मोडली. तू घातलेली शप्पथ मोडायला मला काय लागतंय? तुला धुतलाय मी लहानपणी." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आत जाऊन काय बोलू नगंस. वकील सांगतील तेवढंच बोल."

तो माझ्याकडे वळला. रागाने बघत होता.

"तिला काय केलं तर बघा, साहेब."

"तू कबुली दिली असतीस तर तिला काहीच झालं नसतं, असं वाटत होतं तुला. अरे, कायदा नुसता हात बघत नाही. तिचं मन साफ होतं, आणि तू गाडी ढकलून ते झाकून ठेवलंस. अपघाताचा खून तू केलास. रस्त्यावर गाडी उभी करून."

तो खाली बसला, तिथेच पायरीवर, आणि लहान पोरासारखा रडला. मॅजिस्ट्रेटसमोर त्याने एकच वाक्य सांगितलं: मला कबुली द्यायची नाही.

पुढचं पुढे होत राहिलं. फराट्याचे फोटो निघाले, शिंगांचे निघाले. बोळात मास्तरांनी स्वतः उभं राहून उजवं-डावं समजावून सांगितलं, शिकवणीत सांगतात तसं, दोनदा. पाटलाचा जबाब झाला. जोतीराम घरी आला. शालूबाईंचं काय ते अजून ठरायचं आहे. तारखेला मी उभा राहतो.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. गाडी अंगणाच्या कोपऱ्यात, गोणपाट टाकून झाकलेली. जोतीराम कट्ट्याला निघाला होता, चालत. जाता जाता थांबला.

"साहेब, एक इचारू? काकी देवाकडं मागायची म्हणती. त्याला कुठलं कलम?"

"मागण्याला कलम नाही," मी म्हणालो.

शालूबाई रॉकेलचं फडकं घेऊन हरणीजवळ आल्या. "फोटो झालं न्हवं सगळं? मग काढू का ह्यो रंग? का इचारावं लागतंय कुणाला?"

"काढा. विचारायला नको."

त्यांनी पिवळ्या शिंगापासून सुरुवात केली. म्हशीने मान खाली घातली, त्यांना पोचावं म्हणून.

"तुम्ही सारखं उभं का असता ओ?" त्या न वळता म्हणाल्या. "बसा की. धार काढली की दूध देते."

पायरीवर जागा होती. मी बसलो. त्या निळ्या शिंगाकडे वळल्या तरी मी बसूनच होतो.